गप्प झालेला वर्ग

सल्ल्यासाठी या सदराकडे आलेलं पत्र थोडक्यात असं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

पत्रलेखिका सातवीच्या वर्गशिक्षिका आहेत. नोकरीला १४ वर्षं झाली, वर्गात ४७ मुलं. वर्षभर घरात मोठं आजारपण, त्यामुळे रात्री सारखी उठबस. शाळेत मुलांची ओझी वेगळीच. एकाचे आईवडील वेगळे होताहेत. एक मुलगा दर चाचणीच्या दिवशी पोट दुखतं म्हणून घरी राहतो. एका मुलीच्या दंडावर वळ दिसले, घरी मार बसत असावा अशी शंका आहे. बाई सगळ्यांचं ऐकून घेतात आणि रात्री त्याचाच विचार करत बसतात. वर्गात मात्र चेहरा कायम हसरा ठेवायचा, हा त्यांचा नेम. महिन्यापूर्वी ऋण संख्यांच्या वजाबाकीचा तास चालू असताना मागच्या बाकावरचा एक मुलगा कंपासपेटीच्या झाकणावर पेन वाजवत होता. दोनदा सांगूनही थांबला नाही. बाईंनी पेटी उचलून आपटली आणि ओरडल्या, 'तुझ्यासारख्यांमुळे मला या वर्गात पाऊल टाकावंसं वाटत नाही.' वर्ग गप्प झाला, तो अजून गप्पच आहे. मुख्याध्यापक खूश आहेत, 'आता कशी शिस्त लागली' म्हणतात. स्टाफरूममधला सल्ला असा की माफीबिफी मागू नका, मुलं डोक्यावर मिरे वाटतील. बाई विचारतात: माफी मागावी का? की आपण आता मनानं या कामाला लायकच उरलो नाही, असं समजून नोकरी सोडावी? पत्राच्या अगदी शेवटी एक ओळ आहे: 'पहिल्या बाकावरची एक मुलगी रोज माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवायची, तीही आता ठेवत नाही.'

*

बाई,

पत्राखाली तुम्ही नाव लिहिलेलं नाही, नुसतं 'बाई' लिहिलंय, म्हणून मीही तीच हाक मारते. चार पानांचं पत्र आहे आणि त्यातली अडीच पानं त्या एका मिनिटाची आहेत. झाकण कुठल्या कोपऱ्यात चेमटलं, कर्कटक कोणाच्या पायाशी जाऊन पडलं, ते कोणी उचलून दिलं, सगळं. तुमच्या वर्षभराच्या झोपेला मात्र मिळालंय अर्धं वाक्य: 'झोप तशी कमीच होते, पण ते असो.' ते 'असो' मला खटकलं. त्याच्याकडे येतेच, पण आधी तुम्ही विचारलेलं.

माफी मागावी का? मागावी. उत्तर एका शब्दाचं आहे. लांबण लागणार आहे ती कशाची मागावी आणि कशी मागावी याला. त्याहीआधी तुमच्या त्या नेमाबद्दल बोलू, कारण घोळ तिथून सुरू झालाय असं मला वाटतं.

घरचं दाराबाहेर चपलांसारखं काढून ठेवायचं आणि हसत वर्गात शिरायचं. हे तुम्हाला कोणीतरी शिकवलं, मलाही शिकवलं होतं. हेतू चांगला आहे, घरच्या वड्याचं तेल मुलांच्या वांग्यावर निघू नये. पण त्यात आपण एक गोष्ट धरून चालतो, की आपण झाकलं म्हणजे मुलांना दिसत नाही. खरंच दिसत नाही? तुम्हीच लिहिलंय की रात्री जागरण झालेलं असलं की त्या दिवशी मॉनिटर न सांगता हजेरीपट टेबलावर आणून ठेवते. 'गुणी आहे पोर' असं म्हणून तुम्ही पुढे गेलात. गुणी असेलच, पण तिनं तुम्हाला दारातच वाचलेलं असतं.

मुलांना चेहरे वाचण्याची सवय वाचायला शिकण्याच्या कितीतरी आधीपासून असते. एड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं १९७० च्या दशकात एक साधा प्रयोग केला. आईनं तान्ह्या बाळाशी नेहमीसारखं खेळायचं आणि मग थोडा वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. रागवायचं नाही, उठून जायचं नाही, नुसतं कोऱ्या चेहऱ्यानं बघत राहायचं. बाळ हसून बघतं, हात पुढे करतं, आवाज काढतं. काहीच लागू पडत नाही म्हटल्यावर तोंड फिरवतं आणि रडवेलं होतं. सातवीतली मुलं तान्ही नव्हेत हे मला कळतं, पण समोरच्या मोठ्या माणसाच्या चेहऱ्याचा आणि आतल्या हवेचा मेळ बसत नाही, हे त्यांनाही समजतं. फक्त ती रडत नाहीत. पेन वाजवतात.

मोठ्यांचंही वेगळं नाही. एमिली बटलर, जेम्स ग्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २००३ मधला एक अभ्यास आहे. एकमेकींना न ओळखणाऱ्या बायकांच्या जोड्यांना आधी एक अस्वस्थ करणारी फिल्म दाखवली, मग त्यावर बोलायला बसवलं. काही जोड्यांतल्या एकीला गुपचूप सांगितलं होतं की मनात काय चाललंय ते चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही. अशा बाईसमोर बसलेल्या दुसरीचाही रक्तदाब चढला, आणि तिला तर कोणी काही सांगितलेलंच नव्हतं. वर्गाकडे यायचं तर कॅनडात एव्हा ओबेर्ले आणि किंबर्ली शोनर्ट-रायशेल या दोघींनी १७ वर्गांतल्या चारशेच्यावर मुलांची लाळ तपासली. लाळेतल्या कॉर्टिसोलवरून शरीरावरचा ताण मोजता येतो. ज्या वर्गांचे शिक्षक कामानं जास्त करपलेले होते, त्या वर्गांतल्या मुलांचं सकाळचं कॉर्टिसोलही जास्त निघालं. २०१६ मध्ये ते प्रसिद्ध झालं. शिक्षक थकले म्हणून मुलं ताणली की मुलांनी शिक्षकांना थकवलं, हे त्यावरून ठरत नाही. एवढंच कळतं की वर्गात दोन वेगवेगळी मनःस्वास्थ्यं नसतात, मुलांचं एक आणि बाईंचं एक. सगळे एकाच खोलीतली हवा घेतात.

म्हणजे मग वर्गात जाऊन आपलं रडगाणं गायचं का? मुळीच नाही. इथे मी एक माप वापरते. आपण सांगितलेलं ऐकून मुलाला आपली काळजी घ्यावी लागणार असेल, तर ते जास्तीचं झालं. 'आज माझं डोकं दुखतंय. आवाज चढला तर तो तुमच्यामुळे नाही, आणि चढणार नाही असं मी बघेन.' एवढं चालतं. उलट बरं पडतं, कारण मुलं आता कारण शोधत बसत नाहीत. कारण शोधायला बसली की बारा वर्षांचं मूल बहुतेक वेळा स्वतःपाशीच येऊन थांबतं. घरी कोण आजारी आहे, रात्री किती वाजता उठावं लागलं, ते सांगू नका. दुसरा फायदा तुमचा आहे. भावनेला शब्द दिला की तिची धार जराशी उतरते. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूच्या प्रतिमा घेऊन हे दाखवलं होतं, चिडलेल्या किंवा घाबरलेल्या चेहऱ्याच्या चित्राला नुसतं नाव द्यायला सांगितलं तरी मेंदूतल्या भीतीशी निगडित भागाची धडपड कमी होते. आपल्या आज्या 'बोलून टाक, मोकळी हो' म्हणायच्या, त्यातलंच हे.

आता मुख्याध्यापकांची शिस्त.

गप्प वर्ग दोन तऱ्हेचे असतात. एकात मुलं गुंतलेली असतात आणि दुसऱ्यात दबकलेली. दारातून बघणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, म्हणून मुख्याध्यापकांना दोष देत नाही मी. पण तुम्ही आत आहात, तुम्हाला फरक मोजता येईल. उद्यापासून एक आठवडा वहीच्या मागच्या पानावर फक्त दोन आकडे मांडा: 'बाई, हे समजलं नाही' असं किती मुलं म्हणाली, आणि चुकलेलं उत्तर किती मुलांनी मोठ्यानं दिलं. तास ऋण संख्यांच्या वजाबाकीचा आहे. त्या धड्यात चुकीची उत्तरं येत नसतील, तर सगळ्यांना समजलंय असं मी तरी मानणार नाही. चुकायची हिंमत गेली आहे एवढाच त्याचा अर्थ.

ती हिंमत परत आणायला भाषण लागत नाही. मेरी बड रो या संशोधिकेनं १९७० च्या दशकात शिक्षकांच्या तासांच्या ध्वनिफिती ऐकल्या, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तराची वाट सरासरी एखादा सेकंद बघतात असं दिसलं. तो वेळ तीन सेकंदांवर नेला की उत्तरं लांबतात, एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागतात, 'माहीत नाही' कमी होतं. तीन सेकंद बोलायला सोपे, पण दबकलेल्या वर्गासमोर ते फार मोठे वाटतात. मनात आकडे मोजा. आणि पहिलं चुकीचं उत्तर आलं की ते पुसू नका. फळ्यावर लिहा आणि 'असं कुठून आलं असेल?' हे सगळ्यांना मिळून शोधायला लावा. चूक केलेल्या मुलाकडे बघून नको, फळ्याकडे बघून विचारा.

माफीकडे येते. त्या मिनिटात दोन गोष्टी झाल्या आणि तुम्ही त्यांची गुंतागुंत केलीत. तास चालू असताना झाकण वाजवणं ही त्याची चूक, ती चूकच राहते. पेटी आपटणं आणि ते वाक्य, हे तुमचं. माफी फक्त तुमच्या वाट्याची. आधी त्या मुलाला एकट्याला गाठा, मधल्या सुट्टीत नको, सगळे बघत असतात. शाळा भरायच्या आधी, दार उघडं ठेवून, उभ्याउभ्या, दोन मिनिटांत. शब्द काहीसे असे:

'त्या दिवशी मी तुझी पेटी आपटली आणि तुला जे बोलले ते चुकीचं होतं. तुझ्यामुळे मला वर्गात यावंसं वाटत नाही, हे खरंही नव्हतं. मी सगळ्यांसमोर बोलले, म्हणून आज वर्गासमोरही हे सांगणार आहे. तुला चालेल का?'

शेवटचा प्रश्न तोंडदेखला नको. तो नको म्हणाला तर त्याचं नाव न घेता वर्गाशी बोला. 'पण तूही वाजवत होतास' हे त्या दोन मिनिटांत जिभेवर येईल, येऊ द्या, बोलू नका. 'पण' आला की माफी संपली. घरचं आजारपण सांगू नका, कारण मग त्यानंच तुम्हाला समजून घ्यायचं असं होतं. आणि 'केलंस ना माफ?' असं विचारू नका, तो 'हो' म्हणेल, दुसरं काय म्हणणार बिचारा. तो काही न बोलता खाली बघून निघून गेला तरी माफी पोचलेली असते. चेमटलेल्या झाकणाचं लक्षात आहे ना? नवी पेटी द्या किंवा तीच ठोकून सरळ करून द्या. शब्दांइतकंच तेही लागतं.

वर्गासमोर तीन-चार वाक्यं पुरेत, आणि त्यातलं शेवटचं नियमाचं असू द्या: 'तास चालू असताना आवाज करायचा नाही, हे तसंच आहे. पण तो मोडला तर मी पेटी आपटणार नाही. मी तुमच्या बाकापाशी येऊन उभी राहीन, आणि तरी थांबला नाहीत तर तास संपल्यावर माझ्याशी बोलायला थांबायचं.' आणि लगेच धडा सुरू करा. मुलांच्या चेहऱ्यांवर काय उमटलं ते तपासत बसू नका.

डोक्यावर मिरे वाटतील का? एकदोघं करून बघतील, पहिले दोनतीन दिवस. नियम खरंच तसाच आहे का हे त्यांना पडताळायचं असतं, आणि तेही बरोबरच आहे. तेव्हा न चिडता, न हसता, जे सांगितलं तेच करा. माफी मागितल्यानं शिक्षकाचा दरारा जातो, हे मी स्टाफरूममध्ये इतक्यांदा ऐकलंय की तो नियमच वाटायला लागला होता. वर्गात बघितलंय ते उलटं. जो शिक्षक स्वतःला नियमातून वगळतो, त्याचा नियम मुलं त्याची पाठ वळेपर्यंतच पाळतात. ट्रॉनिकच्याच नंतरच्या कामात आणखी एक गोष्ट आहे, ती मला या सगळ्यात सर्वांत दिलासा देणारी वाटते. चांगलं नातं असलेल्या आई-बाळांचेही सूर सगळा वेळ जुळलेले नसतात. साधारण ३० टक्के वेळच जुळतात. उरलेला वेळ तुटणं आणि पुन्हा जुळवणं चालू असतं, आणि त्या जुळवण्यातूनच बाळाचा विश्वास तयार होतो. तुमचा वर्ग तुटला ते एका मिनिटात. महिनाभर दुखतोय तो न जुळवल्यानं.

त्या मुलाशी आणखी एक करा. दहा दिवस, रोज दोन मिनिटं, अभ्यास आणि वागणूक सोडून कशावरही त्याच्याशी बोला. बऱ्याच शिक्षकांच्या हाताखालून गेलेला उपाय आहे हा. पहिले तीन दिवस तो एका शब्दात उत्तरं देईल. चौथ्या दिवशी बहुधा तोच काहीतरी विचारेल. कॅलिफोर्नियात जेसन ओकोनोफुआ आणि सहकाऱ्यांनी पाच माध्यमिक शाळांत असंच काहीसं उलट्या बाजूनं करून बघितलं. गणिताच्या शिक्षकांना थोडंसं वाचायला आणि लिहायला दिलं, विषय इतकाच की मूल का बिघडतं हे त्याच्या बाजूनं बघायचं आणि नातं राखून शिस्त लावायची. त्या शिक्षकांच्या मुलांना त्या वर्षी शाळेतून काही दिवस काढून टाकण्याची वेळ निम्म्यानं कमी आली, बाकीच्या शिक्षकांच्या मुलांत ९.६ टक्के, तर यांच्या मुलांत ४.८ टक्के. मुलांना काहीच शिकवलं नव्हतं. बदललं होतं ते शिक्षकाचं बघणं.

आता मुलांची ओझी. इथे मला तुमच्याशी जरा भांडायचंय.

तीन मुलांबद्दल तुम्ही एका दमात लिहिलंय, जणू तिन्ही एकाच जातीची काळजी आहे. तशी ती नाही. ज्याचे आईवडील वेगळे होताहेत, त्याला तुमच्याकडून उपाय नकोच आहे. त्याच्या जगात सगळं हललंय. तुमचा तास ठरल्या वेळी ठरल्या तऱ्हेनं सुरू होणं, हीच त्याला मोठी मदत. पोटदुखीच्या मुलाचं दुखणं खोटं समजू नका. परीक्षेच्या भीतीनं पोट खरंच दुखतं. डॉक्टरांनी एकदा तपासलं की घरच्यांशी बोलून त्याला आधी अर्धी चाचणी द्यायला लावा, वेगळ्या खोलीत चालेल. घरी राहायला मिळालं की भीती दर वेळी थोडी वाढते.

आणि वळ असलेली मुलगी. या एका बाबतीत माझा सल्ला मऊ नाही. ही गोष्ट मनात ठेवून रात्री जागायची नसते, त्याच दिवशी शाळेतल्या जबाबदार माणसाच्या कानावर आणि पुढे बालसंरक्षण यंत्रणेपर्यंत जायला हवी. तुम्ही आधीच उशीर केलाय. तिनं काय सांगितलं ते तिच्याच शब्दांत, तारीख घालून लिहून ठेवा. खोदून खोदून विचारू नका, तपास करणं तुमचं काम नाही. 'कोणाला सांगणार नाही' असं वचन देऊ नका. 'तुला मदत करता येईल अशाच माणसांना सांगेन' एवढं म्हणा. घरी जाऊन तिच्या आईवडिलांना जाब तर अजिबात विचारू नका, त्याचा राग रात्री तिच्यावरच निघेल. हे वाचणाऱ्या बाकीच्या शिक्षकांनाही हेच सांगते. शंका पुरेशी असते, पुरावा गोळा करत बसायचं नाही.

तिघांचंही दुःख तुम्ही आपल्या अंगाला लावून घेता, आणि त्याला माया समजता. टानिया झिंगर आणि ओल्गा क्लिमेकी या संशोधिकांनी २०१० च्या दशकात या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या. दुसऱ्याचं दुःख जसंच्या तसं स्वतःत भोगायचा सराव केलेल्या लोकांना अधिकच वाईट वाटू लागलं. त्यांनाच मग करुणेचा, म्हणजे त्या माणसाचं भलं व्हावं असं मनापासून चिंतण्याचा सराव दिला, तेव्हा समोरचं दुःख तेच असूनही त्यांना बरं वाटू लागलं. बुडणाऱ्याबरोबर आपणही पाण्यात गटांगळ्या खाणं आणि काठावर पाय रोवून दोर टाकणं, यातला हा फरक. तुम्ही एका वेळी तिघांसाठी पाण्यात आहात, आणि घरचं आजारपण धरलं तर चौघांसाठी.

तेव्हा ते 'असो'.

लायक उरले नाही, असं तुम्ही म्हणता. क्रिस्टिना मॅस्लाक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी कामानं करपून जाण्याची तीन लक्षणं सांगितली आहेत: शरीर-मन रिकामं होणं, ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याबद्दल कोरडेपणा किंवा तुसडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही होत नाही असं वाटणं. तुमचं पत्र समोर ठेवलं तर पहिलं आणि तिसरं ठळक दिसतं. दुसरं त्या एका वाक्यात दिसलं, आणि त्या वाक्याची तुम्हाला महिनाभर लाज वाटतेय, म्हणजे ते मुरलेलं नाही. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं आजारांच्या आपल्या वर्गीकरणात या करपण्याची नोंद केली, ती आजार म्हणून केली नाही. नोकरीशी संबंधित घटना म्हणून केली: कामावरचा ताण दीर्घकाळ नीट हाताळला गेला नाही की हे होतं. म्हणजे प्रश्न तुमच्या मनाच्या घडणीपेक्षा तुमच्या आठवड्याच्या घडणीचा जास्त आहे. किती तास, किती बदली तास, किती वह्या, कोणाची साथ.

म्हणून मुख्याध्यापकांकडे 'मला खूप ताण आहे' असं सांगायला जाऊ नका. त्याला 'सगळ्यांनाच असतो' हे तयार उत्तर असतं. मोजकं मागा. आठवड्यातले दोन दिवस बदली तास नको. एका युनिटच्या वह्या पूर्ण तपासायच्या, पुढच्या युनिटच्या मुलांनी एकमेकांच्या तपासायच्या. शेजारच्या वर्गातल्या बाईंशी ठरवून ठेवायचं की मी दार दोनदा वाजवलं तर पाच मिनिटं माझ्या वर्गाकडे लक्ष ठेवायचं. हे शेवटचं तर परवानगीशिवायही होतं. हे सदर वाचणारे मुख्याध्यापक असतील तर त्यांना एकच विनंती आहे, शिक्षकांसाठी तणावमुक्तीचं व्याख्यान शनिवारी शाळा सुटल्यावर ठेवू नका. तो वेळ त्यांना घरी जाऊ द्या.

आणि स्वतःची खूण शोधा. माझी लाल पेनाची होती. मी शिकवत असताना वह्या तपासताना पानाच्या मागच्या बाजूला खळगे उमटायला लागले, की समजायचं, आज आपण कोणावर तरी उखडणार. मला राग आलाय हे माझ्या बोटांना माझ्या आधी कळायचं. मग मी उरलेल्या वह्या तशाच ठेवायचे, चेहऱ्यावर पाणी मारायचे आणि पुढच्या तासाला तोंडी काही न घेता मुलांना लेखी काम द्यायचे. कधीकधी तेही जमलं नाही. एकदा डस्टर फेकून मारलाय मी, मुलाला नाही, भिंतीला, पण मूल दोन हातांवर होतं. तुमची खूण वेगळी असेल, जबडा आवळला जात असेल, नावं चुकत असतील. ती दिसली की फळ्याकडे वळा, तारीख पुन्हा एकदा सावकाश लिहा आणि श्वास घेताना लागतो त्याच्या दुप्पट वेळ सोडायला लावा. लांब उच्छ्वासानं हृदयाची गती खरोखर मंदावते. मुलांना वाटतं बाई फळा नीटनेटका करताहेत.

नोकरी सोडावी का, याचं उत्तर आज देऊ नका. झोप तुटलेल्या माणसानं मोठे निर्णय घेऊ नयेत, छोटेही शक्यतो सकाळी घ्यावेत. घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी आठवड्यातल्या निदान दोन रात्री आजाऱ्याजवळ झोपायला सांगा. तुम्ही मागितलं नसेल म्हणून त्यांनी दिलं नसेल, असं मला पत्राच्या सुरावरून वाटतं. संधी मिळूनही झोप येत नसेल, भूक गेली असेल, कशातच रस उरला नसेल आणि हे दोन आठवड्यांपेक्षा जास्त चाललं असेल, तर डॉक्टरांना दाखवा. जगणं नको वाटावं असं काही मनात येत असेल तर दोन आठवडेही थांबू नका, त्याच दिवशी. सत्र संपल्यावर, झोप झालेली असताना, पुन्हा विचारा स्वतःला. तेव्हाही सोडावीशी वाटली तर खुशाल सोडा. १४ वर्षं शिकवून थांबणं हा काही गुन्हा नव्हे. मला एवढंच वाटतं की सोडायचीच तर दमलेली बाई सोडू दे, अपराधी बाई नको.

राहिली चिठ्ठीवाली. तुम्ही तिला शेवटच्या ओळीत ठेवलंत, पण मला वाटतं पत्र तुम्ही तिच्यासाठीच लिहायला घेतलंत. तिला 'चिठ्ठी का नाही ठेवत' असं विचारू नका. तो जाब वाटेल आणि उद्या ती नाइलाजानं ठेवेल. तुम्ही लिहिलंय की शेवटच्या चिठ्ठीत तिनं मांजरीला पिल्लं झाल्याचं कळवलं होतं, तीन, त्यातलं एक डोळे उघडत नाहीये. त्यानंतर महिना गेला. वर्गासमोर बोलून झालं की तिच्या गणिताच्या वहीत, तपासलेल्या पानाच्या खाली, लाल नको, निळ्या पेनानं लिहा: 'त्या तिसऱ्या पिल्लाचे डोळे उघडले का?'